मालवणला लिहिलेली पत्रं

बाबा रेल्वेत फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते आणि माझा मोठा भाऊ गळ घेऊन कामठीला कन्हान नदीवर जात. तिथंच छावणीतल्या एका मालवणच्या हवालदाराशी त्यांची दोस्ती जमली. पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला, मोटार बसवलेली होडी घेतली आणि बाबांना कळवलं: दिवाळीनंतर या, पाणी शांत असतं, किनारा दिसेनासा होईल इतकं आत नेतो.

बाबांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून पत्रं मी लिहायची. एकोणीस वर्षांच्या भावाचे प्रश्न संपत नसत. "त्यायले विचार, गांडूळ चालते का तिकडे?" उत्तर आलं, गांडूळ नको, बांगड्याचे तुकडे लावू, सुरमईच्या ओढीनं बोटं कापतात, हातमोजे आणा. बाबांनी वर्कशॉपातले जुने हातमोजे आणले, आईनं ते धुऊन वाळत घातले. कोल्हापूरपर्यंत रेल्वेचा पास, पुढे एसटी, असं ठरलं. आमच्या घरात कोणीच समुद्र पाहिला नव्हता.

त्या वर्षी गणपती झाले आणि भावाला कावीळ झाली. अकराव्या दिवशी तो गेला.

महिनाभरानं मालवणहून विचारणा आली, कोणत्या गाडीनं येता? मी पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "लिही, रजा नाही भेटली."

"खरं काहून नाही लिहायचं, बाबा?"

"त्याच्या हिशोबानं पोरगा येऊन राहिला आहे. येऊ दे."

मी तसंच लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा रजा मिळाली नाही. हवालदार दरवेळी भावाची चौकशी करी आणि मी उत्तरं देत गेले. पत्रातून मीच भावाला नोकरी लावली. सहाव्या वर्षी त्याच्यासाठी मुलगी पाहणं चालू आहे, असं लिहीत असताना चहा झाला म्हणून बाबांनी हाक मारली. मी उठले. परत आले तर अर्धं पत्र आईच्या हातात होतं.

तिनं ते पूर्ण वाचलं, घडी घालून मला दिलं. संध्याकाळी बाबांना एवढंच म्हणाली, "पोराले सोडा आता."

बाबांनी दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं. मी लिहून घेतलं. चारच ओळी झाल्या.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी एका दुपारी हवालदार स्वतः दारात उभा राहिला, दोन रात्रींच्या प्रवासानं पाय सुजलेले. आईनं पाणी दिलं. खोटी पत्रं माझी होती, हे मी त्याला तिथंच सांगितलं. तो रागावला नाही. बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसला आणि भाऊ शेवटी काय बोलला, ते विचारलं. सहा वर्षांत आम्हाला कोणी ते विचारलं नव्हतं. बाबा सांगू लागले, आणि सांगता सांगता रडले.