बरणीतल्या दाढा

उपटलेली दाढ हातात आली की मॅडम मास्क खाली ओढून आधी ती नाकाशी न्यायच्या, मग नळाखाली. मी तोंड फिरवायचो. "आप्पा, तोंड कावून वाकडं करता? घाण न्हाई ती, माणसाचं हाय," असं म्हणून त्या ती दाढ माझ्याच हातात द्यायच्या.

आष्टीच्या बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना आणि मी तिथला कंपाउंडर. आमचं घर किराणा दुकानाचं, अंघोळ झाल्याशिवाय गल्ल्याला हात न लावणारं. नशिबानं नोकरी दिली ती मात्र लोकांच्या तोंडात. तुम्ही दवाखान्यात पाच मिनिटं बसता आणि जाता. मिसरीनं काळ्या पडलेल्या हिरड्या, गुटख्यानं आतून चामडं झालेले गाल, किडक्या दाढेत अडकून कुजलेला भाकरीचा घास, हे सगळं आम्ही सकाळपासून बघतो. दुपारी डबा उघडायची इच्छा होत नाही.

मॅडमचं खरं काम मागच्या खोलीत चालायचं. रूट कॅनलमध्ये मुळातली सडलेली नस काढतात आणि ती पोकळी बुजवतात. मॅडमना बुजवायला असा लगदा बनवायचा होता, जो मुळाच्या ओलाव्यातच घट्ट होईल, दाताशी एकजीव होईल आणि भोवतालचं हाड भरून यायलाही मदत करील. तेही एकाच बैठकीत. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊस तोडायला निघतात त्या उन्हाळ्यातच परततात. तीनदा या म्हटलं की माणूस म्हणतो, उपटूनच टाका. मॅडमच्या आईचे सगळे दात असेच टोळीवर असताना गेले. "एकदा खुर्चीत बसवायचं, दाढ वाचवायची अन् गाडीत चढवायचं. मला तेवढंच करायचंय," असं त्या पावडर घोटता घोटता म्हणायच्या.

लगदा तपासायला उपटलेल्या दाढा लागत. चकलांबा, युसूफ वडगाव, जिथं शिबिर असेल तिथून त्या घेऊन यायच्या. एकदा तर जेवणाच्या डब्यातून आणल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घ्यायचं बंद केलं. दाढा काचेच्या बरणीत, पाण्यात राहायच्या. झाकण उघडलं की मेलेल्या उंदराचा वास. "पाणी रोज बदला, कोरड्या पडू देऊ नका," एवढंच त्यांचं सांगणं असायचं.

एका मे महिन्यात त्या चार दिवस लग्नाला गेल्या. उन्हानं वास एवढा चढला की मला ओकारी झाली. डोकं फिरलं माझं. सगळ्या दाढा मी कपड्याच्या साबणानं घासल्या आणि गच्चीवर, शेजारणीच्या कुरडयांच्या बाजेजवळ, जुन्या धोतरावर वाळत घातल्या. दोन दिवसांच्या उन्हात पांढऱ्याशुभ्र झाल्या. खोटं कशाला सांगू, मला कौतुक वाटलं स्वतःचं. मॅडम यायच्या सकाळी त्या परत पाण्यात टाकल्या.

मॅडमनी त्या दाढांत लगदा भरला, निळ्या रंगात बुडवून ठेवल्या आणि मग उभ्या चिरल्या. रंग आत शिरला म्हणजे लगदा गळका. एकूण एक दाढ आतून निळी निघाली. त्यांनी एक फाक उजेडात धरली. तिच्यात बारीक तडे होते. मग मास्क खाली ओढून वास घेतला.

"आप्पा, वासच येईना. कोरड्या पडलत्या का?"

"न्हाई मॅडम. पाणी रोज बदलत होतो की."

"बरं केलं," म्हणाल्या, आणि पुन्हा विचारलं नाही.

पुण्याच्या त्यांच्या सरांच्या हाताखाली हे काम चालायचं. मॅडमनी त्यांना दिसलं तेच कळवलं, सगळ्या गळल्या. पुन्हा तेवढ्या दाढा जमवायला वर्ष गेलं असतं. सरांनी काम बंद करायला सांगितलं. लगदा खरंच वाईट होता की उन्हात वाळून तडकलेल्या दाढांतूनच रंग आत शिरला, हे आता कुणालाच कळणार नाही. त्या दिवाळीआधी मॅडमनी टोळीवाल्यांच्या दाढा उपटल्या आणि नाकाशी न नेता ट्रेमध्ये टाकल्या. पुढच्या वर्षी दवाखाना दुसऱ्या डॉक्टरला देऊन त्या सुरतेला नोकरीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आप्पा, तुमी होता म्हणून एवढं तरी झालं." लोकांच्या तोंडाची इतकी किळस केली मी, पण त्या दिवशी स्वतःच्या तोंडाची आली तशी कधी आली नव्हती. अजून गेलेली नाही.

परवा एक बाई आली. बाहेर टोळीची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नव्या डॉक्टरांनी दाढ उपटली आणि टाकून द्यायला माझ्याकडे दिली. मी ती मागच्या खोलीत नेली, मास्क खाली ओढला आणि नाकाशी धरली. तोंड वाकडं झालंच. मग नळाखाली धुतली आणि मॅडमच्या बरणीत सोडली.

आता त्या बरणीतलं पाणी मी खरंच रोज बदलतो.