हरण्याच्या पाठीवरचा भोवरा

आमच्या सेनगावकडं बैल घ्यायचा तर आधी उकंडरावांना न्यायचं, मग सौदा. दात, खूर, शिंगं कुणीही बघतं; उकंडराव बघायचे लव. अंगावरच्या केसांतून उलटी बोटं फिरवत मानेपासून शेपटीपर्यंत जायचे आणि केस गोल वळलेले दिसले की थांबायचे. तो भोवरा. पुरात माणसाला ओढतो तोही भोवरा, पोरं दोरीनं फिरवतात तोही भोवराच. शाळेतले गुरुजी म्हणतात, मूळ शब्द भ्रमर, म्हणजे भुंगा. गरगर फिरतो म्हणून सगळ्यांना त्याचं नाव. उकंडरावांना भुंग्याशी काही घेणंदेणं नव्हतं. कपाळावरचा भोवरा बरकतीचा, वशिंडामागचा घरधन्याच्या मुळावर येणारा, एवढं ते सांगायचे आणि गाव मान डोलवायचं. मला हे थोतांड वाटायचं. पण गोऱ्हा घेताना मीही त्यांनाच घेऊन गेलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

यंदा श्रावणात उकंडरावांचा एकुलता मुलगा सोमेश्वर औंढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. कमरेत मार बसला, अजून उठून बसवत नाही. त्याची बायको पुनम कारण शोधत होती. दुःखात माणूस दुसरं काय करणार! पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, ती घरच्या हरण्याच्या खांद्याला हळद-तूप चोळत होती. हात वशिंडामागं गेला आणि तिथंच राहिला. पारख्याच्या बैलाची पारख आजवर कुणी केलीच नव्हती.

पोळ्याला सगळे बैल वेशीत तोरणाखाली उभे असताना ती पुढं आली. पदर सावरायचंही भान नव्हतं तिला.

"मामा, लोकायला सांगता, असलं जनावर दारात ठेवू नका. मंग हे काहून ठेवलं? आजच्या आज इका याला."

असल्या भोवऱ्याचा बैल कोणता शेतकरी घेणार? आणि जो घेईल तो त्याला कुठं नेईल, हे वेशीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उकंडरावांनाही. हरण्याची आई व्यातानाच मेली होती. या माणसानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

"पोरी, केस हायेत ते," ते म्हणाले. "जलमताच वळलेले. त्याच्यात काई नसतं. सोम्या खड्ड्यानं पडला, बैलानं न्हाई पाडला."

वाजंत्री थांबली. जन्मभराची विद्या त्यांनी भर वेशीत मातीत टाकली होती. मला वाटलं, सुटला हरण्या.

तेवढ्यात बायकांतून कमलबाई पुढं आली. तिचा नवरा तापानं गेला, तेव्हा तिच्या कपिलीच्या पाठीवर उकंडरावांनीच भोवरा दाखवला होता. त्या दुधावर तिची लेकरं जगत होती, तरी तिनं गाय मिळेल त्याला देऊन टाकली. जाताना गाय कशी हंबरत होती, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"व्हय का भाऊजी?" तिनं विचारलं. "मंग हे तवा काहून न्हाई सांगितलं?"

उकंडरावांनी हरण्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. खाली बघत म्हणाले, "तवा गाय माही नव्हती, वहिनी."