नवरीला कुठं जायचंय?

माझ्या रिसेप्शनच्या हॉलचा नकाशा डेकोरेटरकाकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. पाहुण्यांनी डाव्या बाजूने स्टेजवर चढायचं, आम्हा दोघांसोबत फोटो काढायचा आणि उजवीकडून उतरून थेट जेवायला जायचं. सगळ्या वाटांवर बाण होते. स्टेजवर मधोमध असलेल्या आमच्या दोन खुर्च्यांपाशी एकही नव्हता.

"मागून उतरायला एखादी पायरी ठेवता येईल का?" मी हळूच विचारलं.

"मागं फुलांची भिंत येणार, ताई. आणि नवरीला मध्येच कुठं जायचंय?"

"तिला माणसांची सवय नाही हो," आई हसून म्हणाली. "तीनच तास तर उभं राहायचंय!"

लग्नाला मी मनापासून हो म्हटलं होतं. मुलगा चांगला आहे. तरी इतक्या माणसांच्या येण्याजाण्याची सोय करताना मला दोन मिनिटं एकटं राहता येईल अशी जागा कुणालाच सुचली नव्हती. मराठीत उलट बोलायला जमत नाही, म्हणून शाळेपासून मी आईशी मनातल्या मनात इंग्रजीत भांडते. ते आईला कधी ऐकूच जात नाही.

"भिंतीला गुलाबी फुलं की पांढरी?" काकांनी विचारलं. "हे मात्र नवरीनंच सांगायचं."

दोघंही माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"पांढरी," मी म्हणाले. "दाट लावा. मागं कोण आहे ते दिसायला नको."