ढोलीचा तळ

आमच्या गावात सोसायटीची धानाची कोठी होती. एटापल्लीच्या वाटेवरचं गाव, चहूकडे जंगल. पेरणीच्या वेळी ज्याच्या घरी बियाणं नसेल त्यानं कोठीतून धान न्यायचं आणि कापणीनंतर सवाईनं, म्हणजे पाव हिस्सा जास्त घालून, परत आणायचं. कोठीत चार ढोल्या होत्या. बांबूच्या कमच्यांनी विणलेल्या, शेणमातीनं सारवलेल्या, माणसापेक्षा उंच. माझा नवरा कोठीवाला होता. त्याच्या आधीचा कोठीवाला बढती मिळून सोसायटीचा चिटणीस झाला होता. सारवणाचं काम माझं. त्याचं मला कोणी काही देत नसे.

ढोलीचा तळ उघडा पाडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ढोली घरची असो की सोसायटीची. धान वरून काढायचं, वरूनच घालायचं, खाली उरेल ते उरू द्यायचं. तळ दिसला की बरकत जाते असं सगळे धरून चालायचे. मीही तसंच धरून चालायची.

दर माघात चांद्याहून ऑडिटर यायचा. चिटणीसाच्या घरी कोंबडा कापला जायचा. जेवण झालं की ऑडिटर कोठीत येऊन काठीनं ढोल्या बाहेरून वाजवायचा. भरल्यासारखा आवाज आला की झालं. कोणाकडून किती धान येणं आहे ते चिटणीस वाचून दाखवायचा, हा मान डोलवायचा आणि उन्हं कलायच्या आत निघायचा. मला त्या माणसाचा कधी भरवसा वाटला नाही. दुसऱ्याचं धान पाहायला येतो आणि आधी पाटावर बसतो.

त्या वर्षी होळीच्या आधी दुसराच साहेब आला. त्यानं भाकरी घरून बांधून आणली होती. एवढ्यानंच गावाला धसका बसला. आधीच्या ऑडिटरनं तपासणी कशी केली ते तपासायला तो आला होता. हिशोब पाहणाऱ्याचा हिशोब पाहायला माणूस येतो, म्हणजे कोणीतरी चोर आहे, इतकं मला कळलं. पहिला संशय मला घरातच आला. संक्रांतीच्या सुमारास नवऱ्यानं जुनी सायकल घेतली होती. हिरडा विकून घेतली म्हणाला. हिरडा मी वेचला होता. तेवढ्या हिरड्यात सायकल येते का, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

कोठीत धान कमी निघालं तर कोठीवाल्यानं भरून द्यायचं असा कायदा होता. आमच्याकडे धानाची एकच बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, होती. ती गेली असती, आणि नोकरीही.

साहेब कोठीत आला तेव्हा मी जमीन सारवत होते. त्यानं नवऱ्याला विचारलं, “मागचे साहेब कुठे उभे राहिले होते?”

नवऱ्यानं जागा दाखवली.

“काठी आत घातली होती?”

“नाई साहेब. भाईरून वाजवली.”

साहेबानं एक लांब बांबू मागवला आणि एकेका ढोलीत वरून घालायला लावला. दाबून दाबून घालावा लागत होता. शेवटच्या ढोलीत मात्र खाली गेल्यावर तो एकदम सरकला, तणसाच्या गंजीत जावा तसा.

“ही मोकळी करा,” साहेब म्हणाला.

“आमच्या इकडं तळ नाई उघडत साहेब,” नवरा म्हणाला.

चिटणीस लगेच पुढे झाला. “बराबर बोलून राह्यला तो. मले काई नाई साहेब, पन गाव खवळन.”

दारातल्या बायकांनीही माना हलवल्या. साहेब म्हणाला, “जेवणं करून घ्या, मग पाहू,” आणि ज्यांच्याकडून येणं लिहिलं होतं त्यांच्या घरांकडे एकटाच निघून गेला. मी नवऱ्याकडे पाहत राहिले. हा माणूस देवापुढे कधी नारळ फोडत नसे. याला बरकतीची काळजी कधीपासून?

घरी जेवताना मी विचारलं, “त्या ढोलीत काय हाय?”

“धान हाय. आनखीन काय राहीन?”

“मंग उघडू काऊन नाई देत?”

“तू सोसायटीची मेंबर झाली का वो?”

“बांधी गेली तं खाईन काय? तुमची सायकल?”

तो ताट सरकवून उठला. मी त्याचं उरलेलं जेवले आणि कोठीत गेले. साहेब परतला होता, सोबत एक म्हातारा गोंड होता. मी म्हटलं, “करा मोकळी. सारवतो आमी, बरकत गेली तं आमच्या घरची जाईन.” नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. पण मग कोणी अडवलं नाही.

गड्यांनी बांबूच्या तट्ट्यांवर धान ओतलं. आधी चांगलं निघालं. मग काळपट, कुबट वासाचं. त्याखाली गुडघाभर नुसता कोंडा.

“मी म्हनतच होतो,” चिटणीस ओरडला. “याची सायकल पाहा साहेब!” सकाळी तळ उघडू नका म्हणणारा हाच.

साहेबानं नवऱ्याला विचारलं, “कोठी ताब्यात घेतली तेव्हा तळ पाहिला होता?”

“नाई.”

“मग भरलेली मिळाली अशी सही कशी केली?”

“तळ कोनीच नाई पाहत साहेब.”

साहेब म्हाताऱ्याकडे वळला. “आता इथे सांगा. तुमच्याकडून किती धान येणं आहे?”

“काईच नाई. सवाईसगट देल्लं. खळ्यावरूनच नेलं यानं,” म्हाताऱ्यानं चिटणीसाकडे बोट केलं. “हा कोठीवाला होता तवा.”

“बुढा हाय साहेब, इसरून राह्यला.”

“इसरलो? तुह्या बंडीचं चाक मोडलं होतं न गा? माह्याच पोरानं ढकलली बंडी, तुह्या घरापावतर!”

बायका फिदीफिदी हसल्या. चिटणीसाचा चेहरा त्या कोंड्यासारखा झाला. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं. येणं खरं आहे का, हे ऑडिटर चिटणीसालाच विचारायचा. आणखी दोन घरांतून तेच निघालं. आणि कोंडा जुन्या कुबट धानाच्याही खाली होता, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आधीच घातलेला.

चिटणीसाला घरचं धान आणून ढोली भरून द्यावी लागली, आणि त्याचं पदही गेलं. कोंबडा खाणारा ऑडिटर पुन्हा दिसला नाही. नवऱ्यालाही पावसाळ्याआधी काढलं. न पाहता सही करणारा कोठीवाला कोणाला हवा? बांधी राहिली.

ढोली उघडली त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, “तुमाले मालूम होतं?”

“नाई.”

“एवढे वर्सं ढोली हाताखाली, अन् नाई?”

“पाह्यलं असतं तं मालूम झालं असतं. मंग बोलावं लागलं असतं. चिटणीसासमोर कोन बोलते?” मग म्हणाला, “सायकल हिरड्याचीच होय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची लहान ढोली अंगणात आणून आडवी केली आणि तळापर्यंत झाडून काढली. तो ओट्यावर बसून पाहत होता. धानच निघालं.