सिडनीची मशीन आणि ईश्वरप्पांची बैठक

जळकोटात रामलिंग हलकुडेंना सगळे 'कॉम्प्युटरवाले अप्पा' म्हणतात, आणि हे नाव अप्पांना फार जड जातं. कुणाचा प्रिंटर कागद चावतो, कुणाच्या मोबाइलमधून नातवाचे फोटो गायब होतात, कुणाचा ऑनलाइन अर्ज अर्ध्यात लटकतो. सगळे बिघाड अप्पांच्या ओट्यावर. अप्पा प्रिंटरचं झाकण उघडतात, आत डोकावतात आणि गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "हे माझ्याच्यानं होणार न्हाई." लोकांना वाटतं, माणूस भाव खाऊन राहिलाय. खरं म्हणजे त्यांना येतच नाही.

त्यांना येतं ते निराळंच. सिडनीत एका विमा कंपनीची मेनफ्रेम आहे. कपाटाएवढी मशीन. लाखो लोकांच्या पॉलिसी तिच्या पोटात. ती आजारी पडली की तिची नाडी बघायचं काम अप्पांचं. शेजारच्या ईश्वरप्पांनी एकदा खोलात जाऊन चौकशी केली होती.

"मशीन कुठं हाय म्हणलाव?"

"सिडनीला."

"आन् तुम्ही?"

"हितं. तुमच्यापुढं."

"मग बिघडली तर हात कसा पुरतो?"

अप्पांनी लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं दाखवली. ईश्वरप्पांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "चित्र येत न्हाई व्हय ह्याच्यात?" तेव्हापासून अप्पांच्या नोकरीबद्दल त्यांना थोडी कीवच वाटते. किराणा दुकानातल्या त्यांच्या टीव्हीवर निदान रंग तरी आहेत.

अप्पांनी हे काम कंपनीच्या हैदराबादच्या ऑफिसात बसून अठरा वर्षं केलं. बायको मंजुश्री जळकोटच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तिची बदली तिकडं होणं शक्य नव्हतं आणि अप्पांचं ऑफिस इकडं येणं. त्यामुळं शनिवारी बस, उदगीरला उतरून दुसरी गाडी, रविवारी एक जेवण, एक झोप, आणि परत बस. मंजुश्रीबाई मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्याकडं नवरा पाव्हण्यासारखा येतो, आन् पाव्हण्यासारखंच त्याला टॉवेल कुठं हाय ते सांगावं लागतं."

यंदा अप्पांनी धीर करून सिडनीच्या कॅरल मॅडमना विचारलं, की मशीन तशीही लांबच आहे, तर मग मी गावाकडून सांभाळली तर? मॅडम म्हणाल्या, तीन महिने बघू. अट एकच. जळकोटच्या इंटरनेटच्या लाइनीमुळं बॅच अडली, तर परत हैदराबाद.

बॅच म्हणजे मशीनचं रोजचं आवरणं. दिवसभरात आलेले हप्ते, दावे, नव्या पॉलिसी, सगळ्यांचा हिशोब संध्याकाळी एकामागून एक लागतो. त्यातल्या एकेका कामाला म्हणायचं जॉब. सिडनीची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. सगळं गाव जेवून लवंडतं, तेव्हा अप्पा ताठ बसलेले असतात.

लाइनीचं मात्र जरा अवघड होतं. रस्त्याचं काम चाललेलं, आणि जेसीबीवाल्याला जमिनीत केबल दिसली की हात आवरत नसे. लाइन तुटली की परत आत शिरायला पासवर्ड, मग फोनवर आलेला आकडा, मग दुसरा पासवर्ड. काही वेळ हात न लावता बसलं तरी मशीन बाहेर काढायची, की परत तेच. यावर अप्पांनी गावठी तोडगा काढला. उठायचं असलं की वडिलांचा पितळी अडकित्ता एंटरच्या बटणावर ठेवायचे. मशीनला वाटायचं, माणूस जागेवरच आहे, काम करून राहिलाय. अडकित्त्यानं इतकं इमानदारीनं काम केलं, की महिन्याचा पगार त्यालाही द्यायला हरकत नव्हती.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, अप्पा आदल्या दिवशीच्या एका तक्रारीसाठी हप्त्यांची फाइल उघडून बघत होते. तेवढ्यात ईश्वरप्पा धोतर सावरत आत आले.

"अप्पा, चला. पुतणीला बघायला निलंग्याचे पाव्हणे आलेत. त्यांच्याकडून पाच माणसं, आपल्याकडून चारच. बरं दिसत न्हाई."

"माझी बॅच चालू होईल आता."

"पाच मिनिटं हो! काही बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. नोकरीवाला माणूस रांगेत असला की रांगेला वजन येतं."

अप्पांनी अडकित्ता ठेवला आणि गेले.

आता पाव्हण्यांच्या बैठकीत एकदा बसलं की पान-सुपारी होईतो उठता येत नाही. मधेच माणूस उठला की पाव्हण्यांना शंका येते, ह्याला काहीतरी लपवायचंय. त्यामुळं पाच मिनिटांत मुलगी आली नाही, सुशीला आली, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. मग चहा. मग निलंग्याच्या पावसाची चर्चा. नवऱ्यामुलाचे मामा एकेकाला गाव, गोत आणि शेती विचारत अप्पांपर्यंत पोचले, तोच अप्पांचा फोन वाजला. धम्मानंद होता. लोह्याचा पोरगा, हैदराबादच्या ऑफिसात अप्पांच्या जोडीला त्याच मशीनवर कामाला.

"अप्पा, कुठं हाव?"

"पाव्हण्यात. हळू बोल."

"मी हळूच बोलून राहिलो. बॅच थांबलीय."

अप्पांनी कपबशी खाली ठेवली. "पडली का थांबली?"

"थांबली. पडली असती तर कारण तरी सांगितलं असतं. नुसती उभी हाय."

"डिस्क भरली का?"

"मोकळी पडलीय."

"आधीचा जॉब?"

"कवाच संपला."

अप्पांना हायसं वाटलं. हे दुखणं ओळखीचं होतं. फाइल नुसती वाचायची असली तर दहाजण आत बसले तरी चालतं. पण तिच्यात लिहायला आलेल्या जॉबला ती एकट्याला लागते. कुणी आत नुसतं बघत बसलं असलं, तरी जॉब बिचारा दारात उभा राहतो, आणि त्याच्यामागं अख्खी बॅच.

"मग फाइलीत कुणीतरी बसलंय. कोण ते बघ. टेस्टिंगवाल्यांपैकीच असंल एखादं. फाइल उघडी टाकून गावभर हिंडतेत बेकार."

धम्मानंदानं कमांड दिली.

"सापडला का?"

"सापडला."

"कोण?"

"राहू द्या, अप्पा."

"अरे नाव सांग, झाडतोच त्याला."

"तुम्हीच हाव."

अप्पांना भिंतीपलीकडचा स्वतःचा अडकित्ता डोळ्यांपुढं दिसला, एंटरवर मांडी घालून बसलेला. त्यांनी उठायला गुडघा उचलला, तर ईश्वरप्पांनी त्यावर हात दाबला. मामांनी विचारलं, "काही अडचण हाय का?"

"न्हाई न्हाई," ईश्वरप्पा हसून म्हणाले, "ऑस्ट्रेलियाचा फोन हाय." रांगेला एकदम वजन आलं.

अप्पांनी फोन तोंडाशी धरला. "हाकल त्याला. विचारत बसू नको, आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

मामा जरा सावरून बसले.

"तुम्हाला?" धम्मानंद म्हणाला.

"हाव, हाव. हाकल."

धम्मानंदानं अप्पांचं सेशन तोडलं. दारात ताटकळलेला जॉब आत शिरला, मागची रांग सरकली. "निघाली," तो म्हणाला. "पण उशीर झालाच. मॅडमना कारण लिहावं लागंल. लिहू का, लाइन तुटली आन् सेशन आत अडकलं? जळकोटची लाइन कशी हाय ते सगळ्यांना म्हाईतच हाय."

"थांब. मी लिहितो," अप्पा म्हणाले. आणि मग मुलगी आली, तिनं शिक्षण सांगितलं, पान-सुपारी झाली. अप्पांना यातलं काहीही आठवत नाही.

संध्याकाळी मंजुश्रीबाई शाळेतून आल्या, तर अप्पा रिकाम्या ईमेलपुढं बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मग काय लिहिणार?"

"धम्मानंद म्हणतो तसं. लाइन तुटली."

"लई शहाणा हाय तुमचा धम्मानंद. मॅडमची अट कुणावर हाय?"

"लाइनीवर."

"मग लाइनीवर ढकललं की सोमवारी बसमध्ये. तुमच्यावर अट हाय का काही?"

"माझ्यावर कशाला असंल?"

"तेच म्हणते. लाइन जळकोटची हाय. येंधळेपण तुमचं सोताचं हाय, ते हैदराबादलाबी तेवढंच ऱ्हाणार. खरं हाय तेच लिहा."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी इतकं घालूनपाडून बोललं नव्हतं आणि इतका आधारही दिला नव्हता. त्यांनी लिहिलं: लाइन सुरळीत होती. फाइल मी उघडी ठेवली. शेजारी लग्नाच्या बोलणीत माणूस कमी पडला म्हणून गेलो, आणि मशीननं मला बाहेर काढू नये म्हणून एंटरवर सुपारी कातरायचं पितळी हत्यार ठेवलं. शेवटची ओळ त्यांनी तीनदा खोडली. बाईंनी तीनदा परत घालायला लावली.

मग दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. अप्पांनी बॅग खाली काढून ठेवली. बाईंनी ती परत वर टाकली. अप्पांनी परत काढली नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं, की यापुढं एंटर दाबत राहिलं तरी चालणार नाही, काही वेळानं मशीन सगळ्यांनाच बाहेर काढील. हा जाच धम्मानंदालाही लागला, म्हणून तो आठवडाभर अप्पांशी तुटक बोलत होता. पुढं होतं, की बॅच चालू असताना अप्पांनी खुर्ची सोडायची नाही, कुणाचंही लग्न असो. आणि शेवटी, की जळकोटबद्दल त्यांची काही तक्रार नाही. एक वर्ष तिथून काम करायला हरकत नाही.

अप्पांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मंजुश्रीबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही, पण मेथीची चांगली पानं देठांच्या ढिगात पडायला लागली.

"म्हंजे दुपारभर खुर्ची सोडायची न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"नळ दुपारीच येतो. मी शाळेत असते. पाणी कोण भरणार?"

मेनफ्रेमची अठरा वर्षं नाडी बघितलेला माणूस उठून नळापासून खुर्चीपर्यंतची पावलं मोजायला लागला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी बाजारातून लांबलचक पाइप आणला, नळापासून खिडकीतून खुर्चीजवळ घेतला आणि तिथून मागच्या दारानं हौदात सोडला. पाइपाला खुर्चीपाशी तोटी बसवली. आता दुपारी एक हात कीबोर्डवर आणि एक तोटीवर असतो. हौद आतापर्यंत दोनदा ओसंडला. बॅच एकदाही अडली नाही.