माझ्या डोक्यावरचा दिवस

आमच्या माहेरच्या गावी, बेलापूरला, भाऊबीजेच्या दुपारी पोकर चालतो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. जुगार नव्हताच तो. आईने पैशाला हात लावू दिला नसता. आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. हा खेळ घरात आणला माझ्या नवऱ्याने, आणि त्यातही त्याला आवडायचा तो बाउंटीचा प्रकार. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर एक बक्षीस. जो तुमचे सगळे चिंचोके जिंकून तुम्हाला डावातून उठवेल, त्याला ते तिथल्या तिथे मिळतं, मग शेवटी कोणी का जिंकेना. पैसे नाहीत तर बक्षीस काय ठेवायचं, यावर थोरल्या भावाने तोड काढली. बक्षीस म्हणजे एक दिवस. ज्याने तुम्हाला उठवलं त्याच्याकडे तुम्ही एक दिवस राबायचं.

नवऱ्याचा दिवस एकदा थोरल्याने जिंकला होता. शहरात, सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस उसाला पाणी द्यायला गेला आणि एक बूट पाटात सोडून आला. धाकटा भाऊ पुढे वर्षभर त्याची नक्कल करत होता.

नवरा खेळाच्या बाबतीत मात्र भलताच गंभीर. बेलापूरला येताना गाडीत मला धडे द्यायचा. ज्याचा ढीग आपल्यापेक्षा लहान, त्यालाच आपण उठवू शकतो; तेव्हा आधी ढीग वाढव, डोकी मग. कोणाकडे थोडेच चिंचोके उरलेत आणि त्याने ते सगळे पुढे सारले, तर एरवी टाकून दिली असतीस अशी पानं असली तरी भीड, म्हणजे तेवढेच चिंचोके लाव, कारण चिंचोक्यांच्या वर बक्षीसही आहे. पण बक्षिसाच्या लोभाने भिकार पानं चांगली दिसायला लागतात, तेवढं सांभाळ. आणि तुझ्याकडेच थोडे उरले असतील तर थापा मारायच्या नाहीत. "तेव्हा तुला कोणी घाबरत नाही," तो म्हणायचा, "तेव्हा सगळ्यांना तू हवी असतेस."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर लोक माझ्याशी फार चांगले वागले. शेजारीण दूध आणून ठेवायची. शाळेतले माझे जादा तास इतर शिक्षकांनी न विचारता वाटून घेतले. माहेरी गेले की भांड्याला हात लावू देत नसत. "ताई, तू बस." वर्षभर मी नुसती बसून होते. कोणी मला साधं मीठ मागितलं नाही, की कसलं काम सांगितलं नाही. याचा त्रास होतो, हे तरी कोणाला कसं सांगणार? सगळे इतके प्रेमाने वागत होते की चिडायचीही चोरी झाली होती.

पहिलीच दिवाळी, म्हणून यंदा गोडधोड बेताचंच होतं. ओवाळून झालं आणि थोरल्याने चिंचोक्यांचा डबा काढला. थोरला, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, धाकटा आणि मी, असे चौघे बसलो. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. नवऱ्याची जागा कोणी रिकामी ठेवली नाही, सरकून बसले, आणि ते मला बरं वाटलं.

सुरुवातीला खेळ नेहमीसारखा झाला. एका मोठ्या डावात माझा अर्ध्याहून जास्त ढीग थोरल्याकडे गेला. मग बरी पानं आली म्हणून मी उरलेले सगळे पुढे सारले. कोणी भिडलं नाही. पुन्हा सारले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पानं न बघताच सगळे सारले. धाकट्याने आपली पानं टाकली तेव्हा ती नीट पालथी पडली नाहीत, आणि मला दिसलं की त्याच्याकडे राजांची जोडी होती.

राजांची जोडी कोणी टाकतं का? तीही माझ्या मूठभर चिंचोक्यांसमोर? मी माझी पानं उलटून दाखवली. बदामाची सत्ती आणि किलवरची दुर्री, याहून भिकार पानं नसतात.

"यासमोर राजे टाकलेस तू," मी म्हणाले. "का?"

धाकट्याने घाईने राजे पालथे केले. थोरला म्हणाला, "आगं, भाऊबीजेला बहिनीकडून काय घ्यायचं? आज द्यायचा दिवस हाय."

"तीन वर्षांमागे भाऊबीजच होती. तू माझा दिवस घेतलास आणि दिवसभर गहू पाखडून घेतलेस."

"तवाची गोष्ट निराळी हुती."

निराळी होती म्हणजे तेव्हा तो होता. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. माझा आवाज चढला. "मग मला खेळायला कशाला बसवलंत? तो गेलाय, मी अजून आहे!"

आतल्या खोलीत आई खोकली. थोरल्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाईट वाटलं याचंही मला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "वाटा पानं."

मला दश्श्यांची जोडी आली. आता मात्र मी विचार करून खेळले. थोडे चिंचोके असताना अशी पानं आली की वाट बघायची नसते. सगळे पुढे सारले. धाकट्याने पानं टाकली. थोरल्याने तर हातात धरून बघितलीही नाहीत. वहिनीचा ढीग माझ्याहून मोठा होता. तिने आपली पानं पाहिली, मग माझे चिंचोके पाहिले, आणि तेवढेच मोजून मध्ये टाकले.

तिच्याकडे एक्का आणि सत्ती. मी पुढे होते. चार पानं उघडली तरी मीच पुढे होते. पाचवं पान निघालं चौकटचा एक्का, आणि तिची एक्क्यांची जोडी माझ्या दश्श्यांच्या वर गेली.

"आगं, कशाला—" थोरला म्हणाला.

"जिंकलाय म्या दिवस," वहिनी म्हणाली आणि माझे चिंचोके दोन्ही हातांनी ओढून घेतले. मग माझ्याकडे वळली. "उद्या कापूस येचायला यायचं, ताई. ऊन व्हायच्या आत. आन डबा तुमचा तुमीच बांधा."

मी "बरं" म्हणाले आणि मला रडू फुटलं. तो गेल्यापासून या घरात मी कोणासमोर रडले नव्हते. दोघे भाऊ घाबरून उठले. वहिनी बसल्या जागेवरून हलली नाही. पानं गोळा करत ती म्हणाली, "रडून झालं की च्याचं बगा. आमचा डाव चालू हाय."