सव्वा महिन्याच्या आत

आमच्या घरात घाई माझ्या वाट्याला आली आणि सबुरी माझ्या थोरल्या बहिणीच्या. मी चहा उकळायच्या आत गाळायची, ताई भात शिजल्यावरही झाकण काढायची नाही. पण पहिल्या बाळंतपणाला ती केळापूरला माहेरी आली आणि सातवा महिना सरता सरताच तिला कळा सुरू झाल्या. दोन महिने आधी! एवढी घाई तर मीही कधी केली नव्हती. यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली भाची मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी होती. मी तिथल्या तिथे तिच्यावर फिदा झाले.

ती वाचली. वजन थोडं धरल्यावर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की ही महिन्याची व्हायच्या आत हिचे डोळे नागपूरला दाखवून घ्या. मी बी.एस्सी.ला होते आणि मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नसे. डोळे तर छान काळेभोर आहेत, मग कशाला? डॉक्टर कंटाळले नाहीत. म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या शेवटच्या दोन महिन्यांत पूर्ण वाढतात. बाळ आधी आलं की त्या अर्ध्यावर थांबतात, आणि पुढे वाढल्याच तर भलतीकडे वाढून पडदा ओढायला लागतात. वरून काहीच दिसत नाही. वेळेत कळलं तर लेझरनं थांबवता येतं. पडदा एकदा सुटला, की मग मूल जन्मभर आंधळं.

हे आईनंही ऐकलं होतं. पण आईच्या डोक्यात महिना म्हणजे सव्वा महिना. घरी येताच तिनं बाळंतिणीच्या खोलीला कडुनिंबाची डहाळी लावली, खिडकीवर चादर टाकली, बाळाच्या उशाशी विळा ठेवला आणि जाहीर केलं, की सव्वा महिना झाला की नागपूरच काय, मुंबईलाही न्या. तोवर बाळ-बाळंतीण वेस ओलांडणार नाहीत.

"आई, सव्वा महिन्यानं उशीर होते," मी म्हटलं.

"आठ दिवसानं काय होते वं? डोळे कुठं पळून चालले काय?"

"डोळे नाई पळत, नजर जाते."

"यवतमाळहून आणलं ते घरी येणं होतं. घरी आलेलं लेकरू बाहेर नाई नेत."

माझी आई अडाणी नव्हती, आणि दुष्ट तर मुळीच नव्हती. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. सव्वा महिना भरायच्या आत त्याला नात्यातल्या लग्नाला नेलं, ताप चढला आणि तो गेला. त्या भीतीशी माझं बी.एस्सी. काय भांडणार? बाबा घरी असते तर त्यांनी काही तोड काढली असती. पण ते कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावरच्या रांगेत बसले होते. तो काळच तसा होता. एकीकडे बोंडअळी, दुसरीकडे भावाची बोंब, आणि रांग अशी की माणूस घरून शिदोरी घेऊन जायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. जावईबापू फुलसावंगीच्या शाळेत शिक्षक. त्यांना मी बूथवरून फोन लावला. ते म्हणाले, मी इकडून थेट नागपूरला पोचतो, पण तुमच्या आईचं मन मोडून निघू नका.

महिना भरत आला होता. मला अन्न गोड लागेना. खोलीत गेले की ताई बाळाला उघड्या छातीशी धरून वरून लुगडं गुंडाळून बसलेली असे. दवाखान्यात तिला तसंच शिकवलं होतं. म्हणे, बाळाला अजून पोटातल्यासारखी ऊब हवी. एका सकाळी मी तिच्याकडे बघत उभी होते आणि डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला, की मी धावतच आईकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आई, ताईची तारीख कधीची होती वं?"

"मार्गशीर्षातली."

"अन् आता कोणता चालू आहे?"

"कार्तिक. काहून?"

"मंग पोट्टी जन्मली कुठं? ती तर अजून पोटात पाहिजे. अन् जे जन्मलंच नाई, त्याले सव्वा महिना कायचा?"

आईचे हात सुपात थांबले. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण ती खरोखर विचार करत होती. शास्त्राची गोष्ट शास्त्रानं मांडली की ती नेहमी ऐकून घ्यायची. सूप बाजूला ठेवून ती खोलीत गेली, ताईनं छातीशी पोरगी धरलेली पाहिली, आणि उशाचा विळा स्वतःच्या हातानं उचलून बाहेर आणला. पोटातल्या बाळाला विळा लागत नाही.

"मंग पोटातच ने," ती म्हणाली. "पदराबाहेर तिचं बोटही नाई दिसलं पाहिजे. अन् वापस येईपर्यंत मी देवीजवळून उठत नाई."

तासाभरात काळीपिवळी ठरली, बूथवरून जावईबापूंना निरोपही गेला. आईनं ताईला असं गुंडाळलं, की कोणीही पोटुशीच म्हणावं. आम्ही वेस ओलांडली आणि मला ओरडावंसं वाटलं. माझी युक्ती चालली होती! जीपवाल्याला मी इतक्या वेळा "लवकर, पण हळू" म्हटलं, की शेवटी तो म्हणाला, "बाई, एक काहीतरी सांगा."

करंजीच्या अलीकडे गाडी थांबली. रास्ता रोको. हमरस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या, कापसाचे ढीग डांबरावर ओतलेले, आणि त्यावर शेतकरी बसलेले. भाव मिळेपर्यंत कोणी हलणार नव्हतं. दुपारी डॉक्टर उठून गेले तर? मी उडी मारून खाली उतरले आणि समोरच्या म्हाताऱ्या बाबाजींना सांगितलं, "बहीण पोटुशी आहे, जाऊ द्या." पोटुशी बाईला कोण अडवणार? बाबाजी जीपजवळ आले, आणि नेमकी तेव्हाच ताईच्या पदराआडून बारीक रडणं ऐकू आलं.

"पोटातलं पोर रडून राह्यलं वाटते," बाबाजी म्हणाले.

माणसं हसली. माझी फजिती झाली खरी, पण आता लपवून काय उपयोग? मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन महिने आधीचा जन्म, डोळ्याचा पडदा, आईचा सव्वा महिना, पोटातलं बाळ, सगळं. हसणं थांबलं. कोणीतरी बैलांना हाक दिली आणि आडवी गाडी बाजूला झाली. बाबाजींनी डांबरावरच्या ढिगातून चांगला पांढरा कापूस ओंजळी भरभरून ताईच्या मांडीवर घातला.

"भाव तं कोणी देत नाई," ते म्हणाले. "पोरीले ऊब तरी देईन."

नागपूरला जावईबापू दारातच उभे होते. डॉक्टरबाईंनी बाळाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, कपाळावर दिवा बांधला आणि भिंग धरून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, रक्तवाहिन्या भरकटल्या आहेत, दोन्ही डोळ्यांत. आजच लेझर करू. आणखी आठ दिवसांनी आला असता, तर मला काही करता आलं नसतं.

आठ दिवस! भीती वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की मी रडता रडता जावईबापूंना काहीतरी विनोद सांगत होते.

लेझर झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, पडदा जागेवर आहे, वेड्यावाकड्या वाहिन्या सुकताहेत. पण तिला किती दिसतं, ते तीच सांगेल. वाट पाहा. वाट पाहा म्हणे! मला?

मार्गशीर्षात ताईची तारीख आली, आणि त्या दिवशी आईनं विळा पुन्हा बाळाच्या उशाशी ठेवला. डहाळी पुन्हा लागली, खिडकीवर पुन्हा चादर. "आता जन्मली," आई म्हणाली. "आता सव्वा महिना." माझाच डाव माझ्यावर उलटला होता. डॉक्टरांच्या खेपा संपल्या नव्हत्या, पण पुढची नेमकी त्या सव्वा महिन्यानंतरची होती, त्यामुळे मला भांडायलाही जागा नव्हती.

मी अंधाऱ्या खोलीत चोरून परीक्षा घ्यायची. खुळखुळा हलवला की ती मान वळवायची. मी घरभर नाचले, तिला दिसतं म्हणून. ताई शांतपणे म्हणाली, "आवाजाकडे वळते ती." मी बोटं नाचवली, तरी माझ्या बांगड्या वाजायच्या. काही केल्या खात्री होईना. बाळाला दूध पाजताना ताई तिच्या डोळ्यांकडे कशी बघायची, ते मी पाहिलं आहे.

सव्वा महिना झाला त्या सकाळी बारसं होतं. खिडकीची चादर निघाली. ताई पाटावर, मांडीवर पोरगी, आणि समोर आई ओवाळायला तबक घेऊन. निरांजनातली वात आईनं बाबाजींच्या कापसाची वळली होती. मी म्हटलं, "आई, थांब. बांगड्या वाजू देऊ नको." आईला लगेच समजलं. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, वरून पदर घट्ट गुंडाळला. बायकांनी पाळणा म्हणायचा थांबवला. एव्हाना केंद्रावरची रांग संपवून घरी आलेले बाबा दारातच थांबले.

आईनं तबक उजवीकडे नेलं. पोरीचे डोळे दिव्याबरोबर गेले. डावीकडे आणलं, डोळे डावीकडे आले. वर नेलं, तर तिनं कपाळाला एवढ्याशा आठ्या घालून वर पाहिलं.

ताई आवाज न करता रडत होती. आई ओवाळतच राहिली, तेल तबकात सांडायला लागलं तरी तिचा हात थांबेना.

"आई, बस्स कर," ताई म्हणाली. "हात दुखन तुहा."

"दुखू दे," आई म्हणाली. "तिले पाहू दे."